पहिल्या वीस मिनिटांत ठरवायच्या गोष्टी

दुपारी चारचं सेशन संपवून सून घरी जाते आणि सहा वाजता सासऱ्यांचा फोन येतो. "मॅडम, फी मीच भरतोय म्हणून विचारतो. काय म्हणाली ती? इथे राहायचं म्हणतेय की माहेरी जायचं?" आवाजात अरेरावी नसते, काळजी असते. समुपदेशक नवीन असेल तर भिडेखातर बोलून जातो, "काळजी करू नका काका, ती जरा थकलीय, इतकंच." झालं. सुनेबद्दलचं आपलं मत तिला न विचारता सासऱ्यांपर्यंत पोचलं आणि फोन केला की उत्तर मिळतं हेही त्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा फोन करणार. घरी वाद झाला की तिला ऐकायला मिळणार, "तुझ्या मॅडमच म्हणाल्या, तू नुसती थकलीयस." त्यानंतर ती आली तरी मोकळं बोलणार नाही.

मानसशास्त्रज्ञाकडून नैतिक चूक झाली असं ऐकलं की डोळ्यांसमोर एखादा बदमाश माणूस येतो. तसेही असतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये अडचणीत येतात ती बहुतेक चांगली, कष्टाळू, भिडस्त माणसं. अडचणीचं मूळ शोधत मागे गेलं की ते पुष्कळदा पहिल्या भेटीत सापडतं. तेव्हाच बोलून ठरवायचं ते राहून गेलेलं असतं. सासऱ्यांना सहा वाजता नकार देणं जड जातं. तेच, अपॉइंटमेंट घ्यायला त्यांनी फोन केला तेव्हा "फी कुणीही भरली तरी सेशनमधलं बोलणं माझ्यात आणि तिच्यात राहील, तिने लेखी परवानगी दिली तरच मी तुमच्याशी बोलेन" असं सांगितलं असतं तर काकांना वाईटही वाटलं नसतं. फोन उचलणाऱ्या रिसेप्शनिस्टलाही हे वाक्य पाठ हवं. अमुक व्यक्ती आपल्याकडे येते की नाही, हेसुद्धा तिने कुणाला सांगायचं नसतं.

म्हणून पन्नास मिनिटांच्या पहिल्या सेशनमधली पंधरा-वीस मिनिटं या बोलण्यासाठी राखून ठेवावीत असं माझं ठाम मत आहे. माणूस रडत आत आला असेल तर आधी त्याला बोलू द्यावं, पण सेशन संपण्याआधी हे झालंच पाहिजे. फॉर्म हातात देऊन "इथे सही करा" म्हणणं म्हणजे संमती घेणं नव्हे. आपल्याकडची एक खोड म्हणजे अमेरिकन वेबसाइटवरून चार पानी इंग्रजी फॉर्म जसाच्या तसा उचलायचा. त्यात तिथले कायदे, तिथलं बालसंरक्षण खातं, तिथला इमर्जन्सी नंबर. बीडच्या किंवा चिपळूणच्या माणसाने त्यावर सही केली तर त्याला काय समजलं? एक पान पुरे, आठवीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत. मी कोण आणि माझं शिक्षण काय, सेशन किती वेळाचं, फी किती, किती तास आधी कळवलं तर फी माफ, नोट्स कुठे राहतात, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, दोन सेशन्सच्या मध्ये अडचण आली तर कुणाला फोन करायचा, तक्रार असेल तर कुठे करायची. पान वाचून झालं की त्यालाच विचारावं, "मी कुठल्या गोष्टी बाहेर सांगू शकतो, ते तुमच्या शब्दांत सांगाल?" उत्तर अडखळलं तर आपण समजावण्यात कमी पडलो असं धरावं.

सगळ्यात काळजीपूर्वक बोलायचा भाग गोपनीयतेच्या मर्यादांचा. "इथलं सगळं इथेच राहील" हे वाक्य कधीही बोलू नये, कारण ते खरं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि त्याच कलमात अपवादही आहेत. उपचारात सहभागी असलेल्या इतर व्यावसायिकांना, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला त्याच्या कामापुरतं, जिवाला धोका असेल तेव्हा, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तेव्हा, आणि न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश आला तर माहिती देता येते. यात एक बारकावा आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. धोका टाळण्यासाठी जेवढी माहिती लागते तेवढीच द्यायची.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा, शेतीच्या कर्जाने खचलेला तरुण सांगतो की घरात फवारणीचं औषध आहे आणि आज रात्री ते घ्यायचं मनात आहे. इथे गप्प राहायचं नाही. पण भावाला फोन करताना सांगायचं ते एवढंच: "आज रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातली आणि गोठ्यातली सगळी औषधं बाहेर काढून शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवा, उद्या सकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं आहे." कर्जाचा आकडा, सावकाराचं नाव, बायकोशी झालेलं भांडण, यातलं काहीही सांगायची गरज नाही. आणि फोन करण्याआधी त्याला सांगायचं, जमलं तर त्याच्यासमोरच लावायचा. हा भाऊ कोण, त्याचा नंबर काय, हे पहिल्या भेटीच्या पानावर लिहून घेतलेलं नसेल तर नेमक्या वेळी शोधाशोध होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तोही त्याच पानावर छापावा. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. "पोलीस केस होईल" या भीतीने लोक आत्महत्येचे विचार लपवतात. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय, हा प्रश्न आला की जगभर टारासॉफ खटल्याचा दाखला दिला जातो. १९६९ साली कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपण तातियाना टारासॉफ हिला मारणार असल्याचं मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं, तिला मात्र कुणीच सावध केलं नाही. तिचा खून झाला. १९७६ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. आपल्याकडे कलम २३ बोलायची मुभा देतं. पण पोलिसांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, ही समजूत किती महागात पडते हे त्या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

मुलांच्या बाबतीत मुभा नाही, सक्ती आहे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तो होण्याची भीती असली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. "आधी घरच्यांना विचारतो, शाळेची बदनामी नको" याला कायद्यात जागा नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला याच कायद्यात संरक्षण आहे. अवघड गोष्ट अशी की सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या राजीखुशीच्या संबंधांबद्दल बोलली तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच ठरतो. हे तिला आधी ठाऊक नसेल तर तिच्या दृष्टीने आपण विश्वासघात केलेला असतो. म्हणून किशोरवयीन मुलांना पहिल्याच भेटीत, आईवडील बाहेर बसलेले असताना, साध्या शब्दांत सांगावं: "तू सांगशील त्यातलं बहुतेक माझ्याकडेच राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला ते घरच्यांना सांगावं लागतं, आणि अठराच्या आतल्या कुणाशी लैंगिक काही घडलं असेल तर पोलिसांना कळवावं लागतं. तसं करण्याआधी मी तुला सांगेन." काही मुलं त्यामुळे कमी बोलतील. तो त्यांचा हक्क आहे.

सज्ञान बाईवरच्या कौटुंबिक हिंसेचं गणित वेगळं आहे. २००५ च्या कायद्याने कुणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, पण समुपदेशकावर तशी सक्ती नाही. तिची तयारी नसताना आपण परस्पर कळवलं तर घरी तिचं काय होईल याची जबाबदारी आपली नसते का? जोडप्याच्या समुपदेशनात पहिल्या भेटीत दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळं भेटावं आणि मारहाणीबद्दल थेट विचारावं. "भांडणं होतात का?" असं मोघम विचारू नये. "कधी हात उचलला गेलाय? गळा धरलाय? घराबाहेर काढलंय?" असं विचारावं. उत्तर हो असेल तर एकत्र सेशन घेऊ नये. खोलीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री चुकवावी लागते.

जोडप्यांच्या बाबतीत दुसरा सापळा गुपितांचा. तीन सेशन्स छान होतात आणि नवऱ्याचा मेसेज येतो, "मॅडम, तिला सांगू नका, पण ऑफिसमधल्या एकीबरोबर माझं अजून चालू आहे." आता चौथ्या सेशनला बसायचं कसं? सांगितलं तर नवऱ्याशी दगा, लपवलं तर बायकोशी. यातून आयत्या वेळी सुटका नाही. पहिल्या दिवशी दोघांसमोर ठरलेलं असलं पाहिजे: एकट्याने कळवलेली गोष्ट मी गुप्त ठेवणार नाही, ती सेशनमध्ये स्वतः मांडायला मी मदत करेन, मांडायची नसेल तर जोडपं म्हणून काम थांबवेन. मारहाणीबद्दल एकटं असताना विचारलेलं मात्र या नियमात येणार नाही, हेही तेव्हाच सांगावं, नाहीतर ती बोलणारच नाही.

नोट्सबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण काहीच लिहीत नाहीत, काही जण सगळं लिहितात. "क्लायंट अतिशयोक्ती करतेय असं वाटतं. नवरा बरा माणूस दिसतो" ही नोंद निरुपयोगी आहे आणि धोकादायकही. त्याच सेशनची चांगली नोंद अशी: "क्लायंटच्या सांगण्यानुसार १२ तारखेला रात्री नवऱ्याने मारलं. डाव्या दंडावर निळसर डाग दिसला, अंदाजे २ इंच. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, नाही म्हणाली. गरज पडल्यास मावशीकडे जाणार, मावशीला कल्पना आहे. महिला हेल्पलाइन १८१ दिली. पुढची भेट मंगळवारी ४ वाजता." पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, केलेलं वेगळं. लिहिताना मनात धरावं की हा कागद एक दिवस क्लायंट वाचेल. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ नुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागायचा हक्क त्याला आहे. शेजारीण, मेव्हणा, बॉस यांची नावं लिहू नयेत, नातं लिहिलं की भागतं. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी तारीख आणि सही. पांढरी शाई लावलेली वही संशयच वाढवते. नोंदी किती वर्षं ठेवायच्या याबाबत अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा सल्ला असा आहे: शेवटच्या भेटीनंतर ७ वर्षं, आणि क्लायंट लहान असेल तर तो सज्ञान झाल्यावर ३ वर्षं, यातलं जे उशिरा येईल ते. आपल्या प्रॅक्टिससाठीही हा हिशेब सोयीचा आहे.

वही महत्त्वाची ठरते कोर्टात. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं उघड करायला भाग पाडता येत नाही, पुराव्याच्या कायद्यात तसं संरक्षण आहे. मानसशास्त्रज्ञ आणि क्लायंट यांच्यातल्या बोलण्याला ते नाही. शिवाय कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १४ न्यायालयाला असे अहवाल आणि कागदपत्रंही विचारात घेऊ देतं, जी एरवी पुराव्यात धरली गेली नसती. त्यामुळे "कोर्टाने मागितलं तर द्यावं लागेल" हे वाक्य पहिल्या पानावर हवंच. पण कोर्टाने मागणं आणि वकिलाने मागणं यात फरक आहे. वकिलाचा फोन, त्याच्या लेटरहेडवरचं पत्र, "उद्यापर्यंत फाइल द्या नाहीतर नोटीस" हा सूर, यांपैकी काहीही आदेश नाही. आदेशावर न्यायालयाचा शिक्का असतो आणि काय हवं ते लिहिलेलं असतं. तो आला की क्लायंटला कळवावं, स्वतःच्या वकिलाला दाखवावा आणि मागितलेल्यापेक्षा जास्त कागद देऊ नयेत.

मुलाच्या ताब्याच्या भांडणात तर समुपदेशक हमखास वापरला जातो. आई मुलाला घेऊन येते, चार सेशन्स होतात, मग "एक पत्र द्या ना मॅडम, मुलाला वडिलांची भीती वाटते असं." पत्रात "मुलाचा ताबा आईकडेच असावा" असं लिहिणारे आहेत, आणि नंतर उलटतपासणीत एकाच प्रश्नाने ते कोलमडतात: वडिलांना किती वेळा भेटलात? लिहायचंच असेल तर असं लिहावं: "अमुक ते अमुक तारखांदरम्यान मी या मुलाला ४ वेळा भेटले. प्रत्येक वेळी आई सोबत होती. वडिलांना भेटलेले नाही. मुलाच्या झोपेच्या आणि शाळेच्या तक्रारींवर काम चालू आहे. ताब्याबद्दल मत देण्यासाठी लागणारी तपासणी मी केलेली नाही." उपचार करणारी व्यक्ती आणि कोर्टासाठी मूल्यमापन करणारी व्यक्ती एकच असू नये. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं मूल आहे असं कळलं की हे आईला, किंवा आणणारे वडील असतील तर त्यांना, पहिल्याच भेटीत सांगून लेखी घ्यावं.

टेस्टिंगचा विषय नुसता हात लावून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडे अजून सर्रास वापरली जाणारी मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी नागपुरात तयार झाली, १९६९ साली. कामतांनी बिने चाचणीचं मराठी आणि कानडीसाठी केलेलं रूप तर १९३० च्या दशकातलं. पिढ्या बदलतात तशी चाचण्यांमधली सरासरी कामगिरी वर सरकते, दर दहा वर्षांना साधारण ३ गुण या वेगाने, असं अनेक देशांत दिसलं आहे. म्हणजे पन्नास वर्षं जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येऊ शकतो आणि ज्याला मदतीची गरज आहे तो "नॉर्मल" ठरतो. दुसरी टेस्ट परवडत नसेल तर निदान रिपोर्टमध्ये टेस्टचं नाव, वर्ष आणि ही मर्यादा लिहावी. एकच आकडा न देता पट्टा द्यावा, कारण चांगल्या टेस्टमध्येही खरा गुण ५ ते ७ गुणांनी इकडेतिकडे असू शकतो. टेस्ट कुठल्या भाषेत घेतली तेही लिहावं. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी सूचना देऊन काढलेला आकडा त्याच्या बुद्धीबद्दल फार थोडं सांगतो. मूल तापातून उठलं होतं का, चष्मा घरी राहिला होता का, हे रिपोर्टमध्ये क्वचित दिसतं आणि आकड्यावर परिणाम याच गोष्टींचा होतो.

७० च्या आसपास आकडा आला की दबाव सुरू होतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असलेले पालक म्हणतात, "दोन गुण कमी करा ना," आणि प्रवेश हवा असलेले म्हणतात, "जरा वाढवा." दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठीही हीच घाई असते. सवलतीसाठीचं प्रमाणपत्र शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयातून मिळतं, खासगी रिपोर्टवर नाही, हे पैसे घेण्याआधी सांगणं आपलं काम आहे. पाच-सहा हजार भरून झाल्यावर हे कळलेले आईवडील चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पाटीवर काय लिहायचं, हाही याच प्रामाणिकपणाचा भाग आहे. मानसशास्त्रात एम. ए. झालं म्हणजे कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते आणि १९९२ च्या त्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. नोंदणी असेल तर नंबर लेटरहेडवर छापावा. पीएच. डी.मुळे नावामागे डॉक्टर लागत असेल तर "मी औषधं देत नाही" हे तोंडी सांगावं, कारण समोरचा तुम्हाला गोळ्यावाला डॉक्टरच समजतो. "आता बरं वाटतंय ना, मग गोळी अर्धी करून बघा" हे वाक्य मानसशास्त्रज्ञाच्या तोंडी कधीच येऊ नये. लिथियम किंवा फेफऱ्याची गोळी अशी सोडली तर माणूस थेट रुग्णालयात पोचतो. आणि रेफर केल्याबद्दल डॉक्टरला कट, म्हणजे कमिशन, देणं, किंवा आपण घेणं, याला "मार्केटिंगचा खर्च" म्हटलं तरी ते कटच राहतं. क्लायंट कुठे जाणार हे त्याच्या गरजेवर ठरायला हवं.

तालुक्याच्या गावात दुहेरी नाती टाळताच येत नाहीत. क्लायंटची बहीण तुमच्या मुलाची वर्गशिक्षिका असते, किराणा त्यांच्याच दुकानातून येतो. शहरातल्या पुस्तकी नियमाने चालायचं तर गावात प्रॅक्टिसच करता येणार नाही, आणि लोकांना दुसरीकडे जायला जागा नसते. अमेरिकन संघटनेची आचारसंहितासुद्धा प्रत्येक दुहेरी नात्याला चूक म्हणत नाही. आपला निर्णय गढूळ होण्याची किंवा क्लायंटची पिळवणूक होण्याची शक्यता असेल तेव्हा ते चूक. मी तीन प्रश्नांवर घासून बघावं असं सुचवेन. या नात्यामुळे त्याला मला नाही म्हणणं अवघड जाईल का? मला त्याच्याकडून काही हवं आहे का? उपचार बिघडले तर दुसरं नातंही मोडेल का? एकाचंही उत्तर हो असेल तर दुसऱ्याकडे पाठवावं, लांबचं असलं तरी ऑनलाइन. ज्याच्याकडे मुलाची ॲडमिशन अडकलीय त्या मुख्याध्यापकाला क्लायंट म्हणून घेऊ नये. किराणावाल्याला घेता येईल, मात्र त्याच्याकडची उधारी बंद करून.

लग्नात, हळदीकुंकवाला समोरासमोर आलो तर काय, हेही आधीच ठरवावं: "बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथला विषय काढणार नाही." हे न सांगता नजर चुकवली तर माणूस दुखावतो, आणि मोठ्याने "कशा आहात आता?" विचारलं तर शेजारच्या चार बायकांना उत्तर मिळतं. दिवाळीचा फराळाचा डबा घ्यावा, नाकारणं अपमान वाटेल. चांदीचं नाणं, साडी, पाकीट घेऊ नये.

फोन हा गळतीचा सगळ्यात मोठा मार्ग. क्लायंटच्या व्हॉट्सॲपवर आलेला "समुपदेशन केंद्र: उद्याचं सेशन ५ वाजता" हा मेसेज लॉक स्क्रीनवर नणंद वाचते. यूपीआयने फी भरली की बँकेच्या स्टेटमेंटवर केंद्राचं नाव येतं, आणि स्टेटमेंट नवरा बघतो. कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत कळवलेलं चालेल, हे पहिल्या भेटीत विचारून लिहून ठेवावं. व्हिडिओ सेशन असेल तर प्रत्येक वेळी सुरुवातीला "आत्ता कुठे आहात, खोलीत आणखी कोण आहे?" असं विचारावं आणि मध्येच कुणी आलं तर वापरायचा एखादा साधा शब्द ठरवावा. न्यू जर्सी किंवा लंडनमधली मराठी माणसं मराठीतून बोलायला मिळावं म्हणून इथल्या समुपदेशकाकडे येतात, त्यांची गरज खरी आहे. पण अमेरिकेत परवाना राज्यानुसार असतो आणि क्लायंट ज्या राज्यात बसला आहे तिथला नियम लागू होतो. ते तपासल्याशिवाय पहिलं सेशन घेऊ नये, आणि तिथल्या जवळच्या माणसाचा नंबर आधी घ्यावा.

आणि ज्या माणसाची पहिली भेटच झालेली नाही, त्याच्याबद्दल मत द्यायचं नाही. खून, आत्महत्या, नटाचं लफडं झालं की चॅनेलचा फोन येतो, "आरोपीची मानसिकता काय असेल?" १९६४ साली अमेरिकेत एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मतं छापली. त्यांपैकी कुणीही त्यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर अब्रुनुकसानीचा दावा जिंकले आणि १९७३ पासून न तपासलेल्या व्यक्तीचं निदान जाहीरपणे करू नये हा तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचा नियम झाला. रागाबद्दल, व्यसनाबद्दल जरूर बोलावं, त्या माणसाबद्दल नको. स्वतःच्या रीलसाठी "एका क्लायंटची गोष्ट" नाव बदलून सांगणंही थांबवावं. गावातल्यांना नावाशिवायही कळतं.

आता त्या बदमाशांबद्दल. क्लायंटशी लैंगिक संबंध हा पिळवणुकीचाच प्रकार आहे. अमेरिकन आचारसंहिता उपचार संपल्यानंतर निदान दोन वर्षं बंदी घालते. माझ्या मते ती कायमची हवी, कारण खोलीतली असमान ताकद दोन वर्षांनी विरत नाही. पण असे लोकही पहिल्या दिवशी तिथे पोचलेले नसतात. खुणा आधीपासून असतात: तिची वेळ दिवसातली शेवटची, सेशन पन्नासचं ऐंशी मिनिटांवर, फी नकळत माफ, रात्री अकराच्या मेसेजला उत्तर, आणि सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याकडून आपलं काम तपासून घेताना, नेमकी हीच केस मांडायची टाळाटाळ. शेवटची खूण सगळ्यात भरवशाची आहे. जी केस सुपरव्हायझरला सांगावीशी वाटत नाही, ती त्याच आठवड्यात सांगावी.

चूक झालीच तर त्याच दिवशी क्लायंटला सांगावं, काय झालं ते नोंदीत लिहावं, जुनी नोंद बदलू नये, आणि अनुभवी सहकाऱ्याशी बोलून घ्यावं. सासऱ्यांना चुकून "थकलीय" म्हणालो असू तर सुनेला तसं सांगावं आणि पुढे फोन आला तर काय बोलू हे तिलाच विचारावं.

शेवटची गोष्ट पहिल्या भेटीत सांगायला अवघड वाटते, पण सांगावी. आपल्याला अपघात झाला, स्ट्रोक आला, तर या माणसांचं काय? एका विश्वासू सहकाऱ्याचं नाव लिहून ठेवावं आणि एक बंद पाकीट त्याच्याकडे द्यावं: कपाटाची किल्ली कुठे आहे, फोनचा पिन काय, चालू क्लायंट्सची यादी कुठल्या वहीत आहे, आणि कुणाला आधी फोन करायचा. यादी दर तीन महिन्यांनी ताजी करावी. क्लायंटच्या पानावर त्या सहकाऱ्याचं नाव असावं, म्हणजे एखाद्या सकाळी अनोळखी आवाज "आज मॅडम येऊ शकणार नाहीत" म्हणाला, तर ऐकणाऱ्याला तो कुणाचा आवाज आहे हे माहीत असेल.